दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ: हिशेब स्वतः मांडताना

समजा तिकिटावर असं लिहिलंय: लंडनहून सकाळी ११:०० ला निघणार, न्यूयॉर्कला दुपारी २:०० ला पोहोचणार. परतीचं विमान न्यूयॉर्कहून संध्याकाळी ६:३० ला, लंडनला सकाळी ६:३० ला. जाताना तीन तास आणि येताना बारा? अंतर तर दोन्ही वेळा तेच. पहिल्यांदा तिकीट हातात घेणारा प्रत्येक जण इथे अडखळतो, आणि मग कुठल्यातरी संकेतस्थळावर दोन शहरांची नावं टाकून जो आकडा येईल तो खरा मानतो. तो आकडा बहुतेक वेळा तिसराच असतो.

हिशेब अवघड नाही. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि वहीचं अर्धं पान पुरतं. हेच तिकीट शेवटपर्यंत सोबत ठेवू.

आधी घड्याळ सरळ करा

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी कधीच करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मग वजा करा.

हिवाळ्यात लंडनचं घड्याळ यूटीसीवरच चालतं, न्यूयॉर्कचं ५ तास मागे. न्यूयॉर्कचे दुपारचे २ म्हणजे यूटीसीचे संध्याकाळचे ७. सकाळी ११ ते संध्याकाळी ७, म्हणजे ८ तास. परतीला न्यूयॉर्कचे साडेसहा म्हणजे यूटीसीचे रात्रीचे साडेअकरा, तिथून सकाळी साडेसहापर्यंत ७ तास. तीन आणि बाराचे झाले आठ आणि सात. उरलेल्या एका तासाचा हिशेब पुढे लागेल.

घड्याळाच्या बाबतीत नवखा माणूस तीन ठिकाणी फसतो. पहिलं ठिकाण म्हणजे उन्हाळी वेळ. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कचा फरक ५ नाही, ४ तासांचा असतो. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे तिथेही एक आठवडा तसाच जातो. म्हणून दोन शहरांतला फरक पाठ करू नका, प्रवासाच्या तारखेचा फरक पाहा. दुसरं, सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास.

तिसरं ठिकाण तारखेचं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आणि लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणजे दोन्हींत १७ तास. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी १० ला उतरतं, घड्याळाप्रमाणे निघण्याच्या सात तास आधी! उलट दिशेला तारीख एकदम पुढे उडी मारते. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ छापलेला असतो, तो याच्यासाठी. मी एकदा त्या +१ कडे काणाडोळा करून एक रात्र आधीची खोली आरक्षित केली होती. मी विमानात होतो तेव्हा खोली रिकामी होती आणि पैसे मात्र भरलेले होते.

शहर नको, विमानतळ घ्या

‘लंडन ते टोकियो किती किलोमीटर’ हा प्रश्नच अर्धवट आहे. लंडनच्या नावावर सहा विमानतळ चालतात: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी आणि साउथएंड. टोकियोचं हानेदा शहराच्या मध्यापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे, तर नारिता ६० किलोमीटरच्या आसपास. हवेतल्या अंतरात यानं फारसा फरक पडत नाही, पण खाली उतरल्यावर पडतो, तोही चांगला तास-दीड तासाचा.

म्हणून प्रत्येक विमानतळाचा तीन अक्षरी कोड वापरा. हीथ्रो म्हणजे एलएचआर, न्यूयॉर्कचं केनेडी म्हणजे जेएफके. कोडचा दुसरा फायदा म्हणजे सारख्या नावांच्या शहरांची गल्लत होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा कोड एसवायडी, कॅनडात नोव्हा स्कोशियातही एक सिडनी आहे, त्याचा वायक्यूवाय. ऑपेरा हाउस बघायला निघालेले प्रवासी कॅनडातल्या सिडनीत जाऊन उतरल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत.

आता अंतर

विमानतळाचे अक्षांश-रेखांश कुठल्याही नकाशावर मिळतात. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पृथ्वी गोल असल्यानं दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हा ग्रेट सर्कलचा, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात त्याचा तुकडा असतो. तो काढायची रीत अशी:

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५.

दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइननं गुणा. फरक आहे ७३.३३ अंश: ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६.

दोन्हींची बेरीज ०.६४५१. ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो कोन कॅल्क्युलेटरला विचारा, उत्तर येतं साधारण ४९.८ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार झाला ५,५४० किलोमीटर. त्याच कोनाला ६० नं गुणलंत तर सागरी मैल मिळतात, सुमारे २,९९०. वैमानिक याच मैलांत बोलतात, कारण सागरी मैलाची मूळ व्याख्याच अक्षांशाच्या एका मिनिटावर, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागावर बेतलेली होती. आज तो बरोबर १,८५२ मीटरचा ठरवलेला आहे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. संकेतस्थळावर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असलं तर कोणता ते आधी बघा, दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

हे सूत्र पृथ्वीला अगदी गोल मानतं. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या कामाला तेवढी चालते. फक्त दोन शहरं अगदी जवळ असतील, काही किलोमीटरवर, तर या रीतीत दशांश कमी पडतात. पण तिथे विमानाचा प्रश्नच येत नाही.

मोठ्या चुका होतात त्या टंकताना. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकाल तर कोन आधी अंशांतून रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात बदला, नाहीतर काहीच्या काही आकडा येईल. तो निदान बघताक्षणी चुकीचा वाटतो. ४०° ३८′ ला ४०.३८ लिहिणं जास्त वाईट. ३८ मिनिटं म्हणजे ०.६३ अंश, आणि ही चूक तुम्हाला गुपचूप २८ किलोमीटर बाजूला नेऊन ठेवते.

सर्वांत लबाड चूक उणे चिन्हाची. पश्चिम रेखांश उणे लिहायचे असतात. न्यूयॉर्कचं उणे विसरलात तर तो बिंदू थेट किर्गिझस्तानच्या डोंगरात जातो. गंमत अशी की लंडन शून्य रेखांशाला इतकं चिकटून आहे की तिथपर्यंतचं अंतरही ५,६०० किलोमीटरच्या आसपासच निघतं. आकडा बघून कुणालाही शंका येणार नाही. म्हणून उत्तराआधी दोन्ही बिंदू एकदा नकाशावर टाकून बघायची सवय लावून घ्या.

आकडेमोड नकोच असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर दोन कोड टाका, किंवा गूगल अर्थमधली मोजपट्टी ओढा. तरी एकदा हातानं करून बघाच. मग यंत्रानं दिलेल्या आकड्यावर कधी भुवई उंचवायची ते कळतं.

नकाशावर वाकडं दिसणारं सरळ असतं

माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, चाळीस-साडेचाळीस उत्तर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ आडवी जाते. त्या रेघेवरून गेलात तर अंतर भरतं ५,९४० किलोमीटरच्या आसपास. ग्रेट सर्कलनं ते ५,७६० च्या जवळपास येतं, आणि तो मार्ग अटलांटिकच्या मध्यावर ४६ अंश उत्तरेपर्यंत चढतो, पट्टीच्या रेघेपासून सहाशेहून जास्त किलोमीटर वर. विमानातल्या पडद्यावर कमान दिसली की ‘हा उगाच वळसा घालतोय’ असं वाटतं. दोष नकाशाचा आहे. मर्केटरच्या १५६९ च्या प्रक्षेपणात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. त्याच नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. शंका असेल तर पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा.

विमान त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही

ग्रेट सर्कल ही किमान मर्यादा झाली. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून काही टक्के लांबच असतं. उडताना आणि उतरताना ठरलेल्या वाटा असतात, वाटेत वादळी ढग टाळावे लागतात, गर्दीच्या आकाशात नियंत्रक वळवतात. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन रोज नवे मार्ग आखले जातात. साध्या हिशेबासाठी मी ३ टक्के वाढवतो. म्हणजे आपले ५,५४० झाले ५,७००.

काही जोड्यांमध्ये ३ टक्क्यांनी भागत नाही. हेलसिंकी ते टोकियो ग्रेट सर्कलनं ७,८०० किलोमीटरच्या आसपास. हे विमान रशियावरून सरळ जायचं आणि साधारण नऊ-साडेनऊ तासांत पोहोचायचं. २०२२ मध्ये युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास १३ तासांच्या घरात गेला. तिबेटच्या पठारावरूनही विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं: एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत हवाच. महासागरावरचे मार्ग त्यामुळेही सरकतात.

तेव्हा जोडी अनोळखी असेल तर दोऱ्याखाली कोणते देश येतात ते बघा. तिथे युद्ध चालू असेल किंवा आकाश बंद असेल तर तुमचा आकडा फक्त कागदावरचा.

अंतराचा वेळ करताना

बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगानं उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनीचा वेग तिथे ताशी १,०६० किलोमीटर भरतो. म्हणजे विमान झालं सुमारे ९००. लहान जेट, ए३२० किंवा बोइंग ७३७, सुमारे ८३०. पंख्यांचं एटीआर ७२ साधारण ५००.

पण हा वेग मधल्या टप्प्याचा. चढताना आणि उतरताना विमान हळू असतं, त्याचे २० ते ३० मिनिटं जादा धरा, छोट्या प्रवासाला कमी आणि लांबच्याला जास्त. शिवाय दारं बंद झाल्यापासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा विमानतळाच्या फाटकापर्यंत (गेटपर्यंत) सरपटण्याचे मिळून आणखी ३०-३५ मिनिटं.

इथे एक फरक समजून घ्या. चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ हा हवेतला वेळ. एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंतचा तो ब्लॉक टाइम. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, आणि बरीच ‘फ्लाइट टाइम’ सांगणारी संकेतस्थळं अंतराला वेगानं भागून हवेतलाही नीट सांगत नाहीत. दोन आकडे जुळत नाहीत यामागचं सर्वांत साधं कारण हेच.

आपलं उदाहरण: ५,७०० भागिले ९००, म्हणजे ६ तास २० मिनिटं. चढ-उतार ३० मिनिटं, सरपटणं ३५. एकूण ७ तास २५ मिनिटं. तिकिटावरच्या ८ आणि ७ ची सरासरी साडेसात. वहीच्या अर्ध्या पानाला पाच मिनिटांची चूक माफ असावी.

छोट्या प्रवासात हे जादाचे तुकडेच जास्त होतात. ५०० किलोमीटरला जेट मधल्या वेगानं ३६ मिनिटं घेईल, पण फाटक ते फाटक दीड तास लागतो. तिथे एटीआर मिळालं म्हणून हिरमुसू नका, फरक पंधरा-वीस मिनिटांचा पडतो.

उरलेला तास वाऱ्याचा

दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे असणं नेहमीचं, हिवाळ्यात कधी ३०० च्याही वर जातो. वैमानिक येताना त्यात शिरतात आणि जाताना त्याला टाळतात, तरी काही वाटा पदरी पडतोच.

लंडन-न्यूयॉर्कला सरासरी ताशी ७० चा वारा धरून बघू. जाताना तो समोरून, वेग ८३०: ५,७०० किलोमीटरला ६ तास ५२ मिनिटं. येताना पाठीमागून, वेग ९७०: ५ तास ५३ मिनिटं. दोन्हींत वरचे ६५ मिनिटं मिळवा. ७:५७ आणि ६:५८. तिकिटावरचे आठ आणि सात हेच.

जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही, हेही या आकड्यांत दिसतं. वारा नसता तर दोन्ही मिळून ५ मिनिटं वाचली असती, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. आणि हा फरक पृथ्वी खालून फिरते म्हणून पडतो, असं कुणी ठासून सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

वारा किती करू शकतो याचं टोक फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. वादळाच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, तरी ध्वनीचा वेग त्यानं ओलांडला नाही. आजूबाजूची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

उत्तर-दक्षिण प्रवासात हा वारा आडवा लागतो, त्यामुळे जाण्या-येण्यात फारसा फरक दिसत नाही. पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासात मात्र दोन्ही दिशांचा आणि दोन्ही ऋतूंचा वेळ वेगवेगळा बघावा लागतो. टोकियोहून लॉस एंजेलिस दहा तास, उलट साडेअकरा-बारा. काही वेळा तर वाऱ्यासाठी पृथ्वीची दुसरी बाजू पत्करतात. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१६ मध्ये अटलांटिकचा मार्ग सोडून पॅसिफिकवरून नेलं गेलं. अंतर वाढलं, वेळ घटला.

थांबा असेल तर

बोलताना आपण ‘डायरेक्ट’ म्हणतो तेव्हा मनात ‘नॉनस्टॉप’ असतं. विमान कंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच, वाटेत विमान उतरू शकतं. तपशिलात थांब्यांची संख्या शून्य आहे का ते वाचा. थांबा असेल तर दोन्ही उड्डाणांचे ब्लॉक टाइम आणि मधला वेळ यांची बेरीज करा. ती जुळते का हे पहिल्या शहराच्या आणि शेवटच्या शहराच्या यूटीसी वेळांवरून तपासा, मधल्या शहराच्या घड्याळात पडायची गरज नाही. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करत असाल तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर नसते, तेव्हा मधला वेळ भरपूर ठेवा.

शेवटी पडताळा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत विमान प्रत्यक्ष किती वाजता उडालं आणि टेकलं ते दिसतं. तो हवेतला वेळ असतो, त्यात सरपटण्याचा अर्धा तास मिळवूनच तिकिटाशी ताडून बघा. तरीही तिकिटावरचा वेळ थोडा जास्त दिसेल, कारण वेळापत्रकात कंपन्या मुद्दाम मोकळीक ठेवतात. उशीर मोजताना पंधरा मिनिटांपर्यंतचा धरत नाहीत, ती सवलत वेगळीच.

तुमचं उत्तर अर्ध्या तासाहून जास्त चुकत असेल तर क्रमानं बघा. चूक बरोबर एका तासाची असेल तर उन्हाळी वेळ. बरोबर एका दिवसाची असेल तर तो +१. एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी येत असेल तर वारा. दोन्ही दिशांना सारखंच कमी येत असेल तर वाटेत कुठलंतरी आकाश बंद आहे. आणि यांपैकी काहीच नसेल तर वहीतलं उणे चिन्ह शोधा, विमान बहुधा किर्गिझस्तानात उतरलेलं असेल.